स्वतंत्र म्हणजे ज्याचा माग त्याचा

दारव्ह्याकडच्या एका वाचकानं विचारलंय: सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याच्या, पायात बेडी नाही, पाडव्याला मालक बदलायची मुभा आहे, मग त्याला 'स्वतंत्र मजूर' म्हणावं की 'वेठबिगार'?

आधी वेठ उरकतो, कारण डोकं तिथंच फिरतं. दर संपात मथळा ठरलेला: 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं'. अहो, वेठ म्हणजे मजुरी न देता सक्तीनं करून घेतलेलं काम. मूळ संस्कृत 'विष्टि', कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली. एसटीच्या संपात कोणत्या प्रवाशाला फुकट ओझी वाहायला लावली? 'अडवून धरलं' म्हणा की! राबणाऱ्याचा शब्द उलटा राबणाऱ्यालाच चिकटवायचा, म्हणजे कमाल झाली. 'बिगार' फारसीतून आला, अर्थ तोच.

आता 'स्वतंत्र'. शाळेत सांगतात, स्वतःच्या तंत्रानं चालणारा. पण तंत्र म्हणजे मुळात माग, मागावर ताणलेलं सूत. 'तन्' म्हणजे ताणणं. तंतू, ताणा, तंत्र ही एकाच घरची भावंडं. मग स्वतंत्र कोण? ज्याचा माग त्याचा!

हे माझ्याच डोक्यातलं खूळ नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'स्वतन्त्रः कर्ता', म्हणजे वाक्यातल्या क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. त्यावर महाभाष्यात पतंजलींनी स्वतःच शंका काढली, की असा अर्थ घेतला तर शब्द विणकरालाच लागू होईल. आणि मग, इथं तंत्र म्हणजे प्राधान्य, असं म्हणून माग बाजूला सारला. व्याकरणापुरतं चालेल, पण हाती आलेलं सोनं त्यांनी टाकून दिलं, असं माझं स्पष्ट मत. नंतरचे पंडित डोळे मिटून त्यांच्याच मागं.

कापसाच्या मुलखात राहून मला तरी हा अर्थ सोडवत नाही. नागपूरच्या कोष्ट्याच्या घरात माग होता. १८७७ साली तिथं एम्प्रेस मिल सुरू झाली. भोंग्याला गिरणीत जाणाऱ्याला कुणी दोरी लावून नेलं नव्हतं. माग मात्र कंपनीचा.

हं, सालदार. 'सालदार डवरा (बैलांचं कोळपं) हाकतो' या वाक्यात कर्ता तोच. डवरा मालकाचा, बैलजोडी मालकाची, वावर मालकाचं, आणि पाडव्याची उचल बाईच्या बाळंतपणात संपलेली. त्या उचलीपायी तो अडकून पडला, तर १९७६ चा कायदा त्याला वेठबिगारच म्हणतो. किमान वेतनाहून कमी दिलं, तर एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं तेही सक्तीचं काम ठरवलं. पोटाची सक्तीही सक्तीच, असं धरून.

यंदाच्या पाडव्याला पारावर एका सालदाराला मी विचारलं, "कोणाकडं ठरलं?" तंबाखू मळत तो म्हणाला, "अजून मोकळाच आहो जी." आणि हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता.