महापौर बदलला म्हणून न्यूयॉर्कची लोकसंख्या किती बदलेल?

तुमचा प्रश्न असा आहे की झोहरान ममदानी महापौर झाले, श्रीमंतांवरचा कर वाढवू म्हणतात, तर २०३० पर्यंत न्यूयॉर्क किती रिकामं होईल आणि हा अंदाज काढायचा कसा? मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात महापौरापासून करू नका. जन्म, मृत्यू, येणारे आणि जाणारे, एवढ्यावरच सगळं ठरतं. पहिले दोन आकडे आजच्या वयोगटांवरून चार-पाच वर्षांसाठी बऱ्यापैकी मांडता येतात. खरा घोळ येण्याजाण्याचा. न्यूयॉर्क सोडून अमेरिकेतच इतरत्र जाणारे वर्षानुवर्षं जास्त आहेत आणि ती तूट बरीचशी परदेशातून येणारे भरून काढतात. आता परदेशातून किती जणांना येऊ द्यायचं हे वॉशिंग्टन ठरवतं. उत्पन्नावरचा करही महापौर स्वतःच्या सहीने वाढवू शकत नाही, त्याला ऑल्बनीच्या, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीतल्या, विधिमंडळाची मंजुरी लागते.

श्रीमंत गेले की शहर ओस पडेल, हे मला पटत नाही. २०२३ च्या पाहणीत तिथली भाड्याची जेमतेम १.४ टक्के घरं रिकामी होती. एक कुटुंब निघालं की त्या घराला दुसरं टपलेलंच असतं. पालिकेच्या तिजोरीला फटका बसेल, डोकी मोजताना तो फारसा दिसणार नाही. उलट मोठ्या फ्लॅटमधलं दोघांचं बिऱ्हाड गेलं आणि तिथे चार तरुण भाडं वाटून राहिले, तर संख्या वाढते. म्हणून नवी घरं किती बांधून होतील आणि एका घरात सरासरी किती माणसं राहतात, हे दोन आकडे आधी मिळवा. महापौराचा हात पोचतो तो इथे. सुमारे १० लाख घरांचं भाडं ठरवणाऱ्या मंडळावर माणसं तोच नेमतो. भाडं गोठवलं तर आहेत ते टिकतील. पण बांधकामावर काय परिणाम होतो ते कळायला चार वर्षं पुरत नाहीत.

लोक गाव का सोडतात हे आमच्या खानापूर-आटपाडीकडे बघून कळतं. विट्याच्या आसपासचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेत. दुष्काळाने त्यांना बाहेर काढलं, आणि आधी गेलेल्यांनी मागच्यांना बोलावून घेतलं. पोरगं शाळा संपवून मामाच्या किंवा चुलत्याच्या भट्टीपाशी जाऊन बसतं, काम शिकतं, मग स्वतःचं दुकान टाकतं. सत्तेवर कोण आहे ते बघून कुणी बोचकं बांधलं नाही.

न्यूयॉर्कचा इतिहासही हेच सांगतो. १९७० मध्ये तिथे ७८.९ लाख लोक होते, १९८० मध्ये ७०.७ लाख राहिले. कारखाने गेले, १९७५ ला शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं. त्या दशकात लिंडसे, बीम आणि कॉच असे तीन महापौर झाले. घसरण कुणा एकाच्या नावावर टाकता येत नाही.

आकडे जुळवताना एक काळजी घ्या. २०२० च्या जनगणनेत ८८.०४ लाख लोक होते. अमेरिकेच्या जनगणना विभागाचा २०२३ चा अंदाज आधी ८२.५८ लाख जाहीर झाला, पुढच्या वर्षी त्याच २०२३ साठी सुमारे ८३.९ लाख झाला, कारण आश्रयाला आलेल्या परदेशी लोकांची मोजणी सुधारली. म्हणजे लाखाहून जास्त माणसं कागदावर वाढली. (तिथे निदान हद्द तरी १८९८ पासून जवळपास तीच आहे. साताऱ्यात २०२० ची हद्दवाढ झाली आणि तोवर हद्दीबाहेर असलेल्या शाहूपुरीची माणसं घर न सोडता शहरवासी झाली.) २०२४ चा अंदाज पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हा ८४.८ लाखांच्या आसपास होता.

माझा अंदाज विचाराल तर एप्रिल २०३० च्या जनगणनेत ८३ ते ८७ लाख. परदेशातली आवक आटली तर खालचं टोक, ती सावरली आणि घरं वेळेत उभी राहिली तर वरचं. दरवर्षी मे महिन्यात शहरांचे नवे अंदाज येतात, तेव्हा मागच्या वर्षांचे आकडेही त्याच नव्या तक्त्यातून घ्या. जुना तक्ता आणि नवा तक्ता एकत्र केलात तर नसलेली वाढ किंवा घट दिसेल, आणि तिचं श्रेय नाहीतर खापर महापौरावर जाईल.