ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला D (ड्राइव्ह) मध्येच ठेवायची की दर वेळी N (न्यूट्रल) करायची? (रोज क्रांती चौक ते सिडको, जालना रोडची ट्रॅफिक)

D मध्येच ठेवा आणि ब्रेक नीट दाबून धरा, N फक्त तेव्हाच जेव्हा सिग्नल एक मिनिटाच्या वर आहे, तेव्हा हँडब्रेक लावायचा म्हणजे पायालाही आराम. गॅरेजमध्ये रोज ऑटोमॅटिकच बघतो म्हणून सांगतो, टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या ऑटोमॅटिकच्या प्रकारांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ऑइल किंवा क्लच सगळं सांभाळून घेतं, थोडा वेळ D मध्ये थांबल्यानं काही झिजत नाही. P (पार्किंग) सिग्नलला नकोच, R (रिव्हर्स) वरून जावं लागतं, मागच्या बाइकवाल्याला रिव्हर्स लाइट दिसली की तो दचकतो, आणि मागून कुणी ठोकलं तर P मध्ये गाडी अडवून धरणाऱ्या लॉकच्या छोट्या दातावर सगळा दणका बसतो.

पण तुमची एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर गाडी स्वतः बदलते) किंवा ड्राय क्लचवाली डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक, क्लच ऑइलमध्ये नसतात) असेल तर एक सांभाळा, इंच इंच सरकू नका. पुढं एखाद्या गाडीइतकी जागा होऊ द्या मग जा. आणि उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय लई वाईट, क्लच त्यातच जळतो, वास येतो बघा, तिथं ब्रेकच दाबा.