यादीतला अकरावा पेपर

अनेक आशीर्वाद.

फेलोशिपच्या अर्जाला जोडायची पेपरांची यादी मिळाली. दोनदा वाचली. 19 पेपर, आणि बहुतेक सगळे सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, प्रतिकारशक्तीचं काय होतं याच प्रश्नाभोवतीचे. विषय सोडून इकडेतिकडे फिरली नाहीस, याचा आनंद झाला. ‘एवढे पुरेत का?’ असं विचारलंयस. तो आकडा मला सांगता येणार नाही. त्याऐवजी दोन उदाहरणं सांगतो.

योआखिम बोल्ट हे जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनचे भूलतज्ज्ञ. अतिदक्षता विभागात शिरेतून द्यायच्या स्टार्चच्या द्रावणांवर त्यांचे इतके पेपर होते, की तो विषय त्यांच्या नावाशिवाय वाचताच येत नसे. 2011 मध्ये त्यांचे सुमारे 90 पेपर मागे घेतले गेले, कारण एथिक्स कमिटीची मंजुरीच सापडली नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. 2013 मध्ये या द्रावणांवरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण छापून आलं. बोल्ट यांच्या 7 चाचण्या बाजूला काढल्यावर स्टार्च दिलेल्यांत मृत्यू आणि किडनी निकामी होणं, दोन्ही जास्त असल्याचं स्पष्ट दिसलं. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत गंभीर सेप्सिसच्या रुग्णांपैकी स्टार्च घेतलेले 51 टक्के आणि साधं क्षारद्रावण घेतलेले 43 टक्के 90 दिवसांत दगावले होते. आपल्या क्षेत्रात पेपर वाचून कुणीतरी रात्री दोन वाजता सलाईनची बाटली बदलतो. तुझी यादी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस असतो.

आता उलट उदाहरण. टीएनएफ, म्हणजे शरीरात दाह पेटवणारं प्रथिन, अडवलं की बॅबून माकडं जीवघेण्या संसर्गातून वाचतात, हे 1987 मध्ये दिसलं होतं. सगळ्यांनाच वाटलं, सेप्सिसचं औषध सापडलं. मग 141 रुग्णांवर टीएनएफला बांधून ठेवणाऱ्या रेणूची चाचणी झाली. नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला डोस, मिळालेल्यांत 30 टक्के मृत्यू, सर्वांत मोठा डोस मिळालेल्यांत 53 टक्के. 1996 मध्ये त्या चाचणीच्या संशोधकांनी हे आकडे जसेच्या तसे छापले. पुढे तोच रेणू संधिवाताच्या रुग्णांच्या कामी आला. असा एक पेपर मला दहा ‘यशस्वी’ पेपरांपेक्षा मोठा वाटतो. तुझ्या यादीत ‘फरक आढळला नाही’ असं सांगणारा एकही नाही. तसे निकाल आलेच नाहीत, की कपाटात आहेत? कपाटात असतील तर बाहेर काढ.

आता अकराव्या पेपरबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचं एचएलए-डीआर तू मोजलंस, म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळली की कमी होणारं प्रथिन, पण रक्त कधी काढलं आणि ते किती वेळ कुठे ठेवलं, हे पद्धतीच्या भागात नाही. ते रक्त खोलीच्या तापमानाला पडून राहिलं की एचएलए-डीआर आपोआप चढतं. प्रतिकारशक्ती ढासळलेला रुग्ण कागदावर ठणठणीत दिसतो. आमच्याकडे एकदा रात्रपाळीची सँपल सकाळपर्यंत ओट्यावर राहत होती, आणि हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं. तो सगळा डेटा मी टाकून दिला. त्यासाठी रक्त देणाऱ्या रुग्णांपैकी काही तोवर गेले होते. त्यांच्या नातेवाइकांनी व्हेंटिलेटरच्या आवाजात उभं राहून संमतीपत्रावर सही केली होती. ते मला अजून लागतं.

लेखकांच्या नावांबद्दल एवढंच: ज्याने काम केलं नाही, मसुदा वाचला नाही, चूक निघाल्यास उत्तर देणार नाही, त्याचं नाव घालू नकोस. विभागप्रमुख रागावले तर रागावू देत. तुझं नाव कुणी न विचारता घातलं असेल, तर तेही काढून घे. यादीतल्या सहाव्या आणि चौदाव्या पेपरबद्दल मला ती शंका आहे.

अर्जाला अजून तीन आठवडे आहेत. आधी फ्रीजरचं रजिस्टर काढ, अकराव्या पेपरमधल्या प्रत्येक सँपलची वेळ लावून बघ. वेळा जुळल्या तर जर्नलला दुरुस्ती पाठव. नाही जुळल्या तर रविवारी फोन कर. संपादकांना लिहायचं पत्र आपण दोघं बसून लिहू.