धंदा चालवणाऱ्याने विचार करायला मुद्दाम रिकामा वेळ ठेवावा का, की हे फक्त मोठ्या कंपन्यांच्या सीईओंचे चोचले?

पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर 'चोचले' म्हणून मोकळा झालो असतो. आमचे वडील अशा बसण्याला 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' म्हणतात, आणि मी त्यांच्याच तालमीत तयार झालो.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. चौदा माणसं, तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी मशीनं. त्यातलं तिसरं कसं आलं तेच सांगतो.

तेव्हा सकाळी साडेआठला गेटवरच कुणीतरी गाठायचं. मग परचेसवाल्यांचे फोन, हार्डनिंगला (धातू कडक करायला) अडकलेला माल, ई-वे बिल, बँक. रात्री घरी जाताना वाटायचं, आज काय मरमर काम केलं! डिलिव्हरी मात्र लेट. मी निदान केलं की मशीन कमी पडतंय. दोन फोनच्या मधल्या दहा मिनिटांत नवं सीएनसी घ्यायचं ठरवलं. हप्ते पाच वर्षांचे.

मशीन आलं. डिलिव्हरी लेटच.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. एका गुरुवारी वायरमन येणार म्हणून शॉप उघडून बसलो, तो काही आला नाही. कंप्रेसर बंद, फोन गप्प, समोरची टपरीसुद्धा बंद. करायला काहीच नाही म्हणून शिफ्टचं लॉगबुक चाळायला घेतलं. त्यावर रोज सही करायचो, वाचत कधीच नव्हतो. शेऱ्याच्या रकान्यात तीच ओळ पुन्हा पुन्हा: 'फर्स्ट पीस, साहेब ओके बाकी.' सेटिंग झालं ११.१० ला, ओके १.२५ ला. दुसऱ्या दिवशी ३.४० आणि ५.१५. म्हणजे मशीन लावून देणारा सेटर बिचारा पहिला जॉब, म्हणजे पहिला पार्ट, काढून तपासायला माझ्या टेबलावर ठेवायचा आणि मशीन थांबवून माझी वाट बघायचा. मी बाहेर धावपळ करत असायचो. पेन्सिलने बेरीज केली. त्या महिन्याचे ४१ तास. मशीन कमी नव्हतंच, मीच वाटेत आडवा पडलो होतो.

पुढच्या आठवड्यात क्वालिटीच्या मुलीला फर्स्ट पीस पास करायचा अधिकार दिला. चार दिवस माझे हात शिवशिवत होते. तिने माझ्यापेक्षा जास्त जॉब परत पाठवले, ते वेगळंच. हप्ता अजून भरतोय.

मोठ्यांपैकी मला चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीची गोष्ट पटते, कारण ती माझ्या लॉगबुकसारखीच आहे. जपानी कंपन्यांनी मेमरी चिपच्या धंद्यात त्यांना जेरीला आणलं होतं. वर्षभर नुसता खल चालू. १९८५ साली प्रेसिडेंट अँडी ग्रोव्ह आणि सीईओ गॉर्डन मूर ऑफिसात बसले होते. खिडकीतून दूरवर ग्रेट अमेरिका पार्कातला आकाशपाळणा फिरताना दिसत होता. ग्रोव्हने विचारलं, बोर्डाने आपल्याला हाकलून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये, असं ग्रोव्हचं म्हणणं. पुढे कंपनी मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर, उभी राहिली. आकडे तर वर्षभर दोघांच्या समोरच होते.

हार्वर्डच्या मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी २७ सीईओंच्या वेळेचा हिशेब मांडला होता, २०१८ मध्ये तो छापून आला. कामाचा ७२ टक्के वेळ मीटिंगमध्ये, एकट्याचा २८ टक्के, आणि त्यातलाही निम्म्याहून जास्त तासाभराच्या किंवा त्याहून लहान तुकड्यांत. बिल गेट्स वर्षातून दोनदा आठवडाभर कागदांचा गठ्ठा घेऊन एकांतातल्या छोट्या घरात जाऊन राहायचे. मी आठवडाभर गायब झालो तर परत येईपर्यंत शॉपला कुलूप लागलेलं असेल.

म्हणून माझे गुरुवारचे दोन तास. फोन स्कूटरच्या डिकीत. वही आणि पेन. लॅपटॉप नाही, कारण उघडला की मेल बघतोच. पहिले तीन गुरुवार चक्क झोपलो, चौथ्याला ड्रॉवर आवरले. बायको म्हणाली, "अहो, विचारच करायचाय तर घरी बसून करा, गिझर तरी दुरुस्त होईल." घरी जमत नाही, करून पाहिलं. चार-पाच गुरुवारांतून एखाद्या वेळी काही हाताला लागतं, बाकी वेळा नुसतं पंख्याकडे बघणं. आणि धंदा नवा असेल, पगाराची तारीख गाठायचीच मारामार असेल, तर हे तुमच्यासाठी नाही. आधी पैसे वसूल करा.

हल्ली वहीच्या पहिल्या पानावर ग्रोव्हचाच प्रश्न लिहून ठेवलाय: उद्या हे शॉप दुसऱ्या कुणी विकत घेतलं तर तो सगळ्यात आधी काय बंद करेल? पितळी बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणारी पितळेची नळी. वडिलांनी धंदा त्यावरच सुरू केला आणि गेली चार वर्षं त्यात काही सुटत नाही. हे उत्तर प्रश्न लिहिला त्याच गुरुवारी मिळालं. वडिलांना कसं सांगायचं, यात पुढचे तीन गेलेत.