दक्षिण भारतातली देवळं टिपणाऱ्या लिनिअस ट्राइप या इंग्रज फोटोग्राफरच्या १८५८ च्या फोटोंत आकाशात ढग दिसतात. तेव्हाच्या कॅमेऱ्यात ढग येत नसत ना?

तुमची शंका बरोबर आहे. ते ढग कॅमेऱ्याने टिपलेले नाहीत, ट्राइपने स्वतः ब्रशने रंगवलेले आहेत.

तेव्हाची रसायनं निळ्या प्रकाशाला फार लवकर दाद द्यायची आणि हिरव्याला जवळजवळ नाहीच. त्यामुळे देवळाचा दगड नीट उमटेपर्यंत आकाश कोरं नाहीतर डागाळलेलं होऊन जायचं आणि झाडांचे नुसते काळे गोळे व्हायचे. ट्राइप मेण मुरवलेल्या कागदाची निगेटिव्ह (उजेड-अंधार उलटे उमटलेली प्रतिमा, तिच्यातून प्रकाश सोडून छाप काढायचा) वापरायचा. हा कागद आधी तयार करून प्रवासात नेता यायचा, आणि कागद असल्यामुळे त्यावर रंगही धरायचा. त्याच्या एका निगेटिव्हचा फोटो मी झूम करत करत पाहिला आहे. झाडाच्या शेंड्यावर तिळाएवढे रंगाचे ठिपके, किती ते मोजवेनात. जिथे ठिपका तिथे प्रकाश अडतो, छापात तेवढी जागा उजळते आणि काळ्या गोळ्यातून एकेक पान सुटं होतं. आकाशातही तसंच, रंग कुठे जाड कुठे पातळ लावून ढग उभे केलेले. मला यात लबाडी वाटत नाही. डोळ्यांना जे दिसत होतं ते कागदावर येत नव्हतं, म्हणून त्याने ते हाताने परत आणलं.

माणूस मुळात फौजी. जन्म १८२२ चा, इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत आला, मोठ्या रजेवर घरी गेला असताना फोटोग्राफी शिकला आणि परतल्यावर १८५४ च्या अखेरीस हळेबीडू-बेलूरची देवळं टिपली. पुढच्या वर्षी ब्रह्मदेशाच्या राजाकडे इंग्रजांची वकिलात गेली, तिच्याबरोबर हाही गेला. तिथल्या १२० दृश्यांचे ५० संच बंगळूरला छापले, म्हणजे ६,००० छाप, आणि प्रत्येक छाप उन्हात धरून काढायचा! १८५६ मध्ये मद्रास सरकारने त्याला अधिकृत फोटोग्राफर नेमलं. मग श्रीरंगम, मदुराई, तंजावर असा दौरा झाला.

त्याचं सर्वांत मोठं काम मात्र मी ढगांना म्हणणार नाही. ते तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाचं आहे. मी तिथे गेलो होतो तो खरं तर भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहायला (१८०३ चा, मराठी माणसाने चुकवू नये असा). पण अर्धा दिवस गेला मुख्य विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराच्या, जोत्याभोवती. त्या जोत्यावर चोळांच्या काळातला तमिळ लेख ओळीमागून ओळ कोरलेला आहे. ट्राइपने कॅमेरा भिंतीच्या कडेकडेने सरकवत त्याचे २१ फोटो घेतले आणि जोडून सुमारे १९ फुटांची एकच पट्टी केली. मोबाइलवर ती पट्टी उघडून मी भिंतीशी ताडत चाललो. दर वेळी अंतर तेच, उंची तीच राहायला हवी, नाहीतर एका फोटोतली ओळ पुढच्या फोटोतल्या ओळीला मिळणार नाही. आणि एकेका फोटोला काही सेकंद नव्हे, मिनिटं लागायची. तमिळ मला वाचता येत नाही, तरी पाय निघेना.

१८५९ मध्ये मद्रासला चार्ल्स ट्रेव्हेलियन गव्हर्नर म्हणून आला. त्याला ही सगळी चैन वाटली, आणि त्याने काम बंद करायला लावलं. मला याचं अजून वाईट वाटतं, कारण ट्राइपचा हात तेव्हा कुठे बसला होता. त्यानंतर त्याने फोटोग्राफी जवळजवळ सोडलीच. फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त होऊन डेव्हनपोर्टला परतला आणि १९०२ मध्ये तिथेच वारला.

तुम्ही ढग पाहिलेच आहेत, तर त्याच फोटोतली झाडं एकदा मोठी करून पाहा.