दुखवटा पाळायचा की काढायचा?

प्रश्न असा आला आहे : मामी उन्हाळ्यात गेल्या. आई म्हणते, पहिल्या दिवाळीला मामांकडे 'दुखवटा काढायला' जायचं. पण दुखवटा तर पाळतात ना? आणि मामांना 'शुभ दीपावली' पाठवू का?

आईंचा प्रयोग अस्सल आहे. आपल्या कानात 'पाळणे' बसलंय ते सरकारी दुखवट्यामुळे. मनमोहन सिंग २६ डिसेंबर २०२४ ला गेले आणि १ जानेवारीपर्यंत सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. झेंडे अर्ध्यावर, सरकारी करमणुकीचे कार्यक्रम बंद. इथे दुखवटा म्हणजे मुदत.

पण दुखवटा ही पोचवायची गोष्टही आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'दुखवट्याची वस्त्रे' भेटतात; मोठ्या घरात कोणी गेलं की मागे राहिलेल्यांकडे ती रवाना होत. नंतर दुखवट्याची तार आली, दुखवट्याचं पत्र आलं, सभेतला दुखवट्याचा ठराव आला. तोही घरच्यांकडे धाडतातच. (म्हणून 'मंत्र्यांनी दुखवटा व्यक्त केला' असं छापून आलं की माझ्या दाताखाली खडा येतो. व्यक्त करायचा तो शोक!)

गावाकडे आजही सोयरे टॉवेल-टोपी, लुगडं घेऊन जातात, घरच्यांना नवं कापड अंगावर घालायला लावतात, गोडाचे दोन घास भरवतात. याला दुखवटा काढणं म्हणतात. काटा काढतात त्यातलं हे 'काढणं'. सुतकाचं तसं नाही. दहा-तेरा दिवस भरले की ते फिटतं, कोणी यावं लागत नाही. दुखवटा मात्र घरच्यांनी आपला आपण काढायचा नसतो, बाहेरच्यांनी येऊन काढायचा. पहिल्या सणाला याची खरी गरज, कारण त्या वर्षी बऱ्याच घरांत तळण होत नाही आणि फराळाचा डबा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून येतो. रीत गावागणिक, जातीगणिक बदलते. तेव्हा काय न्यायचं हे आईंनाच विचारा.

'शुभ दीपावली' नको. एरवी निरुपद्रवी असलेला हा निरोप अशा घरी सगळ्यांना एकगठ्ठा धाडल्यासारखा वाटतो. 'यंदा तुमच्याकडे सण नाही ना?' हेही विचारू नका. ते मामांना माहीत आहे. 'मामा, पाडव्याला येतोय, फराळ घेऊन येतो, जेवायला थांबेन' एवढं पुरे. तिथे गेल्यावर मामींचं नाव टाळू नका. त्यांच्या कडबोळ्यांची, त्यांच्या रांगोळीची गोष्ट आपणहून काढा. मामा गप्प झाले तर होऊ द्यात. लोक विषय टाळतात ते भल्यासाठीच, पण त्यामुळे घरच्या माणसालाही नाव घ्यायची चोरी होते.

जाता जाता लेखनाबद्दल : 'दुःख'मध्ये विसर्ग आहे, 'दुखवटा'मध्ये नाही. 'दुखणे', 'दुखावणे' तसंच हे. 'दुःखवटा' लिहू नये.