परदेशी निघताना पैशाची व्यवस्था

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीतील विद्यापीठात तुझा प्रवेश पक्का झाल्याचे तुझ्या बाबांनी सांगितले आणि फार समाधान वाटले. आंबिया बहराच्या संत्र्याचे पैसे आणि बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळून ही रक्कम उभी राहिली आहे, म्हणून ती तिकडे सुरक्षित कशी राहील याविषयी काही गोष्टी निघण्याआधीच तुझ्या कानावर घालतो. यातील बहुतेक कामे आपल्या वरूडच्या शाखेत बसून होतात. तिकडे पोहोचल्यावर त्याच कामांसाठी जीव मेटाकुटीला येतो.

सर्वांत आधी मोबाईल क्रमांकाकडे लक्ष दे. बँकेचा ओटीपी, व्यवहाराचा संदेश, विसरलेला पासवर्ड बदलण्याची सोय, हे सारे खात्याला जोडलेल्या क्रमांकावर अवलंबून असते. त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घे आणि रिचार्जची जबाबदारी घरात एकावर सोपव, कारण बराच काळ बंद राहिलेला क्रमांक कंपनी पुढे दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवे कार्ड देशातील एटीएम आणि दुकाने यांच्यापुरतेच सुरू करून मिळते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. तो सुरू करताना एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांच्या मर्यादा वेगवेगळ्या ठरव आणि ज्याची गरज नाही ते बंद ठेव. परदेशातील अनेक संकेतस्थळांवर ओटीपी न विचारताच पैसे कापले जातात, हे आपल्याकडच्या सवयीमुळे ध्यानात येत नाही. म्हणून कार्डाच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम असावी आणि बाकीची कार्ड नसलेल्या दुसऱ्या खात्यात असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थी व्हिसासाठी तू ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरले आहेस आणि त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतील. परंतु तिथे पत्त्याची नोंदणी होऊन स्थानिक बँकेत खाते उघडेपर्यंत हा पैसा हाती येत नाही. त्या मधल्या काळासाठी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर, दीड-दोन महिन्यांचा खर्च युरोमध्ये भरून ने. रोख नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण तुला दोन-तीनशे युरो पुरेत. त्या बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या विनिमय केंद्रातूनच घे आणि पावती जपून ठेव. ओळखीचा कोणी स्वस्त दराने देतो म्हणाला तरी त्याच्या वाटेला जाऊ नकोस. दोन कार्डे एकाच पाकिटात कधीही ठेवू नकोस. दिवसाच्या खर्चाचे पैसे वेगळ्या खिशात असावेत, म्हणजे रेल्वे स्थानकावरच्या गर्दीत मोठी रक्कम बाहेर काढण्याची वेळ येणार नाही.

आता एटीएमची गोष्ट नीट समजून घे. तू शंभर युरो मागितलेस की काही यंत्रांच्या पडद्यावर रुपयांतला आकडा मोठ्या अक्षरांत येतो, खाली स्वीकारण्याचे ठळक बटण असते आणि नाकारण्याचे बटण बाजूला लहान असते. रुपये ओळखीचे असल्यामुळे हात आपोआप ठळक बटणाकडे जातो, पण त्या रूपांतराचा दर यंत्र चालवणारी कंपनी ठरवते आणि तो बहुधा महागच पडतो. रूपांतर नाकार; पैसे तरीही मिळतात आणि हिशेब कार्डाच्या दराने होतो. दुकानातल्या यंत्रावरही युरोच निवड. यंत्र शक्यतो बँकेच्या शाखेच्या आतले वापर.

खोली शोधताना मात्र सर्वाधिक सावध राहा, कारण नव्या विद्यार्थ्यांची मोठी रक्कम तिथेच बुडते. छायाचित्रे सुंदर, भाडे कमी, मालक दुसऱ्या देशात आणि अनामत भरल्यावर किल्ली टपालाने येणार, असा मजकूर आला की तो व्यवहार तिथेच थांबव. जर्मन कायद्यानुसार अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते आणि ती तीन हप्त्यांत देता येते. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि करार हाती आल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस, मग त्यासाठी पहिले काही आठवडे वसतिगृहात काढावे लागले तरी चालेल.

फसवणूक करणारे तुझ्याऐवजी तुझ्या आईलाही गाठू शकतात. “तुमच्या लेकराला पोलिसांनी पकडले, ताबडतोब पैसे पाठवा,” असा फोन आला आणि मागून रडण्याचा आवाज ऐकू आला, तर कोणत्या माउलीचे भान राहील? म्हणून घरातल्यांनाच माहीत असेल असा एखादा शब्द ठरवून ठेवा आणि तो विचारल्याशिवाय कोणीही पैसे पाठवणार नाही, हे आईबाबांकडून कबूल करून घे. चुकून पैसे गेलेच, तर त्यांनी विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

तुझ्या खात्यातून अनोळखी व्यवहार झाल्याचा संदेश आला, तर आधी ॲपमधून कार्ड बंद कर आणि लगेच बँकेला कळव. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुझी किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने केलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याचा भार ग्राहकावर येत नाही. त्यासाठी परदेशातून लागणारा बँकेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून कार्डांपासून वेगळा ठेव, कारण फोनच चोरीला गेला तर त्यात साठवलेला क्रमांक उपयोगाचा नाही.

शाखेत कधी जाणार ते कळव. अर्ज भरताना मी सोबत येईन.

तुझा,
काका